नात्याच्या रकान्यात भाऊ

भाऊ, तुझ्या मुलीच्या कागदावर मी तुला तिचा भाऊ करून टाकलं.

ही गोष्ट मी आतापर्यंत ज्याला ज्याला सांगितली त्याला फोडणी देऊन सांगितली. आज मीठसुद्धा घालावंसं वाटत नाही. एक इंग्रजी पत्र लिहायचं होतं. मयुरीच्या परदेशातल्या शिक्षणाचे पैसे तू देणार, एवढंच त्यात सांगायचं होतं. खाली एक रकाना होता : पैसे देणाऱ्याचं विद्यार्थिनीशी नातं काय. मी तिथे 'ब्रदर' लिहिलं आणि सही कर म्हणून तुझ्यापुढे ठेवलं. तू चष्मासुद्धा लावला नाहीस. नंद्याने लिहिलंय म्हटल्यावर तू वाचत नसायचास. आपला धाकटा भाऊ जहाजावर होता, त्याला इंग्रजी येतं, असा तुझा पक्का समज. जहाजाच्या भटारखान्यात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाचं इंग्रजी बटाट्यापाशी सुरू होतं आणि कांद्यापाशी संपतं, हे तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पण मोठ्या भावाने आपल्यावर कशासाठी तरी भरवसा ठेवलाय, तो कोण कशाला मोडेल?

तू जाऊन अजून महिना व्हायचाय. लोक येतात, पडवीत बसतात, माझ्या पाठीवर हात ठेवतात. मला काही होत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, मग ओठ आपला वाटत नाही आणि चहा हनुवटीवरून ओघळतो, तसं चाललंय. तुझ्या बाराव्याला मी तीनदा भात मागून घेतला. तिसऱ्यांदा वाढणाऱ्याने माझ्याकडे बघितलं, तेव्हा कळलं की मी जेवतोय. असा कोरडा मी कधी नव्हतो. जहाजावर नुसते कांदे चिरताना रडायचो, आणि कांद्याचं निमित्त करून घरच्या आठवणीनेही. आता निमित्त एवढं मोठं आहे तर पाणी नाही.

तर पैसे.

मयुरीला इंग्लंडातल्या एका विद्यापीठाने घेतलं. किनारे का खचतात, वाळू कुठून कुठे जाते, याचं शिक्षण. देवबागच्या मुलीने दुसरं काय शिकायचं? एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये आपण पट्टीवर बसलेलो. तू म्हणालास, "वाळू खंय जाता ता माका विचार म्हणा, मी फुकट सांगतंय." पण हे म्हणताना तुझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण मी मनातल्या मनात धरून ठेवलं.

मग त्यांचा दुसरा मेल आला. फी भरण्याची आणि तिथे राहण्याची ऐपत आहे हे आधी दाखवा. पैसे बँकेत हवेत, मुलीच्या स्वतःच्या नाहीतर आईवडिलांच्या खात्यात हवेत, आणि महिनाभर तिथे उभे हवेत. त्यातला रुपया हलता कामा नये. ते दाखवलं की पुढचे कागद मिळणार, नाहीतर जागा दुसऱ्याला.

यावर तू जे बोललास ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. घरापुढच्या खळ्यात बसून तू जाळं शिवत होतास.

"आंबे दाखवन चालणा नाय?"

"नाय."

"होडी? होडी तर सगळ्यांक दिसता."

"भाऊ, बँकेतले पैसे व्हये. तेय उभे."

"ज्येका हात लावूचो नाय तो पैसो कसलो रे? पैसो म्हणजे काय देव्हाऱ्यातलो देव?"

"पद्धत आसा तेंची."

"मगे पद्धत वायट आसा," तू म्हणालास. सुई थांबली. "चेडवाक शिकाचा आसा काय नाय, ह्याचो पुरावो कोण मागणा नाय. बापाशीच्या खिशाचोच मागतत."

मी तेव्हा हसलो. अडाणी बोलतोय म्हणून हसलो, खोटं कशाला सांगू. आणि तुला समजावत बसलो की बाहेरच्या देशांत असंच असतं, हा साधा उपचार आहे, मनाला लावून घ्यायचं नसतं. जणू ते सगळे देश मी पालथे घातले होते. मी पालथी घातली ती भांडी.

तुला खरी अडचण पैशांची नव्हतीच. ती होती दाखवण्याची. जन्मभर तू कुणाला काही दाखवलं नाहीस. होडी लागली की वाटेवर कुणीतरी विचारायचं, "काय गावला रे भाऊ?" तू म्हणायचास, "कसला काय. खावच्यापुरता." आणि तुझ्या मागे टोपलीत ओल्या गोणपाटाखाली हाताएवढी सुरमई शेपटी काढून बघत असायची. पर्यटकांनी दोन्ही खोल्या भरलेल्या असल्या तरी तू सांगायचास, यंदा काय खरं नाय. आपल्याकडे सगळेच असं बोलतात. आहे म्हटलं की जातं. पण तू त्यात सगळ्यांचा गुरू होतास. सख्खा भाऊही फसला. दर चवथीला मी गणपतीवरच्या माटवीला बांधायचं सामान तुझ्याकडे आणून टाकायचो, नारळ, फळं, सुपाऱ्या, सगळं. भाऊची ओढाताण आहे, त्याला जड जायला नको म्हणून. तूही ते घ्यायचास. "कित्याक एवढा?" असं म्हणून घ्यायचास.

मग तू पोस्टातले, पतपेढीतले, वहिनीच्या भिशीतले, आणि कुठकुठचे देव जाणे, सगळे एका खात्यात आणलेस. बँकेतून छापलेला कागद आपण काउंटरच्या बाजूला उभं राहून बघितला. म्हणजे मी बघितला. माझं तोंड उघडंच राहिलं. माझ्या आयुष्यात कधी एका जागी नव्हते एवढे तिथे होते. इतकी वर्षं मी दया कुणावर करत होतो?

तू कागद माझ्या हातातून काढून घेतलास, घडी घातलीस. "डोळे फाडून बघू नको. दिष्ट लागात."

"माझी?"

"तुझीच. दुसऱ्या कोणाक मी दाखवलंय?"

त्या कागदासोबत ते पत्र गेलं. माझं पत्र.

नातं लिहिताना माझ्या डोक्यात काय होतं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलंय. डोक्यात काही नव्हतं. पैसे कोण देणार? भाऊ. भाऊला इंग्रजीत काय म्हणतात? झालं. हात लिहून मोकळा. तू माझा भाऊ, मयुरीचाही भाऊ, सगळ्या गावाचा भाऊ. तुला भाऊशिवाय दुसरं काही म्हणतात हे माझ्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

विद्यापीठाचं उत्तर आलं. मयुरीने फोन घेऊन खळ्यात येऊन विचारलं, "काका, माका भाऊ आसा?"

"कोण भाऊ?"

"तांच विचारतंय. आईबाबांच्या खात्यातले पैसे व्हये, भावाचे चालनत नाय म्हणतत. माका भाऊच नाय. तुमी खंयचो काढलात?"

मी पत्र आणलं. आपण तिघांनी त्यावर डोकी वाकवली. तू पहिल्यांदाच चष्मा लावलास. रकाना बघितलास, मग माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता जाळ्याची सुई डोळ्यात घालतोस.

"मेल्या," तू म्हणालास, "माका एकच चेडू. तेचोय बापूस म्हणान रवाक दिलस नाय."

वहिनी आतून धावत आली ती तुझ्या हसण्याने. तू असा हसत होतास की खोकला लागला. मयुरी मात्र हसत नव्हती. तिची जागा जायची वेळ होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, सुधारूक मुदत दिल्यानी हा. थोडीच." आणि आत गेली. ते मला तुझ्या शिवीपेक्षा जास्त लागलं.

भाऊ, ती तुला भाऊ म्हणायला लागली तीही माझ्यामुळेच. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. जहाजावरून सुट्टीवर यायचो तेव्हा ती इवलीशी होती. पहाटे तू पाण्यात, वहिनी कामात, मग ती माझ्या खांद्यावर. होडी दिसली की मी म्हणायचो, "इलो बघ, भाऊ इलो!" ती टाळ्या वाजवायची. पहिला शब्द बोलली तो तोच. वहिनीने बरेच दिवस "बाबा म्हण गो, बाबा" करून बघितलं. मग सोडून दिलं. तुला चाललं का रे ते? कधी वाटलं का, की हिच्या तोंडून एकदा बाबा यावं? एवढी वर्षं शेजारी राहिलो. मासे किती, वारा कुठला, पंप का बंद, सगळं विचारलं. हे विचारायचं राहिलं.

चूक सुधारायला आपण ओरोसला गेलो. तूच मयुरीचा बाप आहेस हे वकिलाच्या शिक्क्याने पक्कं करायला. तो शिक्का मालवणातही मिळाला असता. पण जिल्ह्याच्या गावचा शिक्का परदेशात जड पडतो, असं मी छातीठोक सांगितलं आणि तुम्हा दोघांना एसटीत बसवलं. तू लग्नकार्याचा पांढरा शर्ट घातला होतास. वाटेत खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होतास. मी कान दिला तर, "मी मयुरीचा वडील आहे. मी मयुरीचा वडील आहे." ऑफिसातली मराठी घोटत होतास.

वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "आपण यांचे कोण?"

"वडील," तू म्हणालास. मग कमी पडलं असं वाटून, "जन्मापासून."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते कागदाआड घेतलं. "काही पुरावा आणलाय?"

मी पिशवीतून जन्मदाखला काढेपर्यंत तू पुढे झालास. "नाक बघा," म्हणालास. शुद्ध मराठी तिथेच संपली. "ह्या नाक माझ्या बापाशीचा. तेनी माका दिल्यान, मी हिका दिलंय. मधी ह्येका चुकवन." आणि माझ्याकडे बोट. बाईंनी माझं नाक बघितलं. टेबलाशी दुसरा एक पक्षकार उभा होता, त्यानेही बघितलं. मयुरीने ओढणीने स्वतःचं झाकलं.

दाखला पुढे आला, शिक्का पडला, तू कायद्याने बाप झालास. बाहेर चहा घेतला. मी पैसे काढले, प्रायश्चित्त म्हणून. तू माझा हात खाली केलास. "ठेव. विद्यापीठान सांगल्यानी हा, आईबापाशिवाय कोणाचे चालनत नाय. तू काको. काकाचे चालनत नाय."

मयुरीच्या नाकातून चहा आला. त्या नाकातून. बरेच दिवसांनी ती माझ्याकडे बघून हसली. तेव्हापासून तू ते वाक्य सोडलं नाहीस. तिकिटाचे मी काढू लागलो, काकाचे चालनत नाय. बाजारात कोळंबीचे देऊ लागलो, काकाचे चालनत नाय. कोळंबीवाली विचारायला लागली, ह्येंच्या नोटा खोट्या आसत काय?

गावात ही चूक तू कुणाला सांगितली नाहीस. मीच सांगत सुटलो. माझी फजिती दुसऱ्याने सांगण्याआधी मी सांगून टाकतो, हे तुला माहीत होतं. तू पडवीत बसून मला सांगू द्यायचास आणि मी कुठे वाढवलं तिथे नुसती भुवई वर करायचास. आता मी सांगतो तेव्हा तिकडे बघतो. भुवई नसते. मग मी फारच वाढवतो.

ओरोसहून आल्यावर तू आणखी एक गोष्ट केलीस. बँकेत जाऊन वहिनीचं नाव खात्यात घातलंस. मी विचारलं, आता कशाला? सगळं झालंय.

"आवशीचा नाव आसांदे," तू म्हणालास. "आवशीक तरी तू भैण करूचो नाय."

तो माझ्यावरचा विनोद होता. दुसरं काही नव्हतं. मला हे नीट लिहायचंय, कारण आता लोक त्याला दुसरं काहीतरी म्हणतात. भाऊला आधीच कळलं होतं, आतून सूचना झाली होती. तुला काही कळलं नव्हतं. तू मला टोमणा मारत होतास आणि टोमण्यासाठी बँकेत जाऊन सह्या करून आलास.

मग पैसे उभे राहिले. घरात एखादा पाहुणा निजलाय आणि सगळ्यांनी पाय न वाजवता चालायचं, तसं झालं. खोल्यांना पाणी चढवणारा पंप बिघडला. तू म्हणालास, महिना झाला की बघू. विहिरीवरून कळशा आणायला लागलास. मी म्हटलं, मी करून देतो. तू म्हणालास काय ते सांगायला नको. मी चिडलो. खरंच चिडलो, भाऊ. म्हटलं, हा हट्टीपणा आहे, पावसाळ्यात पर्यटक नाहीत म्हणून चालतंय, पण या वयात कळशा? तू कळशी खांद्यावरून उतरवून म्हणालास, "तू पत्रा लिव्ह."

त्यावर मी दोन दिवस तुझ्याकडे चहाला आलो नाही. तिसऱ्या दिवशी आलो तर तू काही न बोलता कप पुढे केलास, म्हणजे वाद मिटला असं मी धरलं. मिटला नव्हता. मी बोलणार होतो. पावसाने जरा उघडीप दिली की मिस्त्रीला परस्पर बोलावून पंप सुरू करून टाकणार होतो आणि तुझ्या शिव्या खाणार होतो. उघडीप पडली नाही.

त्या सकाळी तू होडी पुरेशी वर ओढलीय का बघून आलास. म्हणालास, "वायच पडतंय." पडलास. वहिनी चहा घेऊन गेली. एवढंच. यात मला वाढवायलाही जागा ठेवली नाहीस.

डॉक्टर म्हणाले, हृदय. कळशांचं कुणी काही बोललं नाही. मीही नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाडीतली एक म्हातारी आली, वहिनीपाशी बसली आणि मोठ्याने म्हणाली, "पैसो दाखवल्यानी मा. दिष्ट लागली." तुझ्या तोंडचा शब्द तिच्या तोंडात. मी तिला चहा नेऊन दिला. साखर जास्त घातली.

मी नजर वगैरे मानत नाही. तूही किती मानत होतास देव जाणे. पण आपला तो वाद राहिलाच. पद्धत आहे, मी म्हटलं. पद्धत वाईट आहे, तू म्हटलंस. आता तू बोलत नाहीस म्हणून मी जिंकलो असं होत नाही. उलट दिवस जातायत तसा मी तुझ्या बाजूला सरकतोय, आणि ते सांगायला तू नाहीस. त्या मुलीला आठवडाभर ना झोप, ना जेवण. ती कोण आहे, तिला काय शिकायचंय, हे कुणालाही दिसलं असतं. पण त्याचा रकाना कुठे आहे?

त्या म्हातारीच्या दुसऱ्या दिवशी मयुरी माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"काका, एक विचारू?"

"विचार गो."

"भाऊ नाय. तर तेचे पैसे चालतत?"

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर असतं. खरं असतंच असं नाही, पण असतं. तेव्हा मी नुसती खुर्ची पुढे सरकवली. ती स्वार्थी नव्हती, भाऊ. तिला माहीत होतं की तू विहिरीवर कशासाठी जात होतास. ते वाया जाईल का, एवढंच ती विचारत होती. आणि असं विचारणं पाप आहे असं वाटून दारात उभी होती.

मी म्हटलं, "त्यांनाच विचारू." मग जे बोललो ते आजवरच्या आयुष्यातलं एकच शहाणं वाक्य असेल : "तू लिही. मी नुसता बसतो."

बँकेत विचारून घेतलं होतं. खातं दोघांच्या नावाचं, त्यामुळे पैसे वहिनीच्या नावाने उभे होते तसे उभेच होते. आई चालते, हेही त्यांच्याच नियमात होतं. पण पैसे देणारा माणूसच मधल्या मध्ये गेला तर काय, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मयुरी लॅपटॉप घेऊन बसली. मी शेजारी. तिने लिहिलं की माझे वडील वारले. 'माय फादर' लिहिलं आणि बोटं थांबली.

"काका," ती म्हणाली, "ह्यो शब्द भाऊचो वाटणा नाय."

"वाटणा नाय," मी म्हटलं.

"तरी ठेवतंय."

"ठेव."

तिने तुला आयुष्यात पहिल्यांदा बाप म्हटलं, भाऊ, तेही इंग्रजीत, तेही कुणा अनोळखी माणसाला कळवण्यासाठी की तू आता नाहीस. मी तिथे होतो. ओठ बधिर. मी खिडकीतून बघत होतो की तुझ्या होडीवरची ताडपत्री एका बाजूने सुटलीय, कुणीतरी बांधायला हवी.

नवं पत्र वहिनीच्या नावाने करायचं होतं. वहिनीने ते मयुरीकडून मराठीत वाचून घेतलं. दोनदा. मग बोट ठेवून विचारलं, "हंय काय लिवलंस?"

"आई."

वहिनी माझ्याकडे वळली. "भावोजी, तुमी बघलात?"

"बघलंय."

"मगे परत बघ गो बाय," ती मयुरीला म्हणाली.

त्या सगळ्या दिवसांत वहिनी रडली नाही. बायकांना त्याचं नवल वाटत होतं, काही जणी ते दुसरीकडे जाऊन बोलतही होत्या. ती चूल बघायची, दारातल्या माणसाला बस म्हणायची, मयुरीला जेवायला वाढून समोर बसायची. कुणी गळ्यात पडलं तर पाठीवर थोपटून बाजूला करायची आणि म्हणायची, "कागदाचा काम आसा अजून." पैसे उभे होते तशी तीही उभी होती. कार्याला त्या खात्यातला रुपया तिने काढला नाही. तो खर्च मी केला. त्याला मात्र काकाचे चालले, भाऊ. कुणी काही म्हणालं नाही. तुझं ते वाक्य म्हणणारा कुणी उरला नव्हता आणि मी नोटा मोजत असताना पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझा हात खाली करावा.

काल दुपारी उत्तर आलं.

पडवीत चार माणसं बसली होती. कुडाळहून वहिनीचा भाऊ आला होता, शेजारचे दोघे होते. शांतता फार झाली होती, आणि शांतता झाली की मला खाज सुटते. मी ओरोसची गोष्ट सांगायला लागलो होतो. शुद्ध मराठी, वकीलबाई, तुझं नाक, माझं नाक. वहिनीचा भाऊ हसू आवरत नव्हता आणि बहिणीच्या दारात हसतोय म्हणून लाजतही होता. मी उठून उभा राहिलो होतो, तू नाकाला बोट कसं लावलंस ते दाखवायला.

मयुरी आतून आली. फोन हातात होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने आईला शोधलं. वहिनी दारात कोळंबी सोलत बसली होती.

"आई," ती म्हणाली, "चालले."

"काय चालले?"

"पैसे. तेंनी धरल्यानी. पुढचे कागद धाडतले. माका जावक गावतला." आणि मग खूप हळू, "भाऊबद्दल वायट वाटला म्हणान पण लिवल्यानी हा."

मला वाटलं आता मला काहीतरी व्हायला हवं. छातीत, घशात, कुठेतरी. मी वाट बघितली. काही झालं नाही. म्हणून मी माझ्याकडे जे होतं ते काढलं. म्हटलं, "बघा, म्हणजे माझी चूक झाली म्हणूनच नाही का वहिनींचं नाव खात्यात लागलं? नाहीतर आज..." शेजारचा म्हणाला, खराच तां. वहिनीच्या भावानेही मान डोलावली. मला हुरूप आला. मी म्हटलं, "त्याचं काय झालं, ऐका, आम्ही एसटीतून उतरलो तर भाऊ..."

वहिनीने कोळंबीचं ताट बाजूला सारलं. हात पदराला पुसले, सावकाश, एकेक बोट. मयुरीला जवळ ओढून बसवलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"भावोजी, तुमी आता वायच गप ऱ्हवा. माका रडूचा आसा."